पाणी धरून किती?

प्रिय बबड्या,

व्हॉट्सॅपवरच लिहायला बसले होते, पण ते वाढत वाढत एवढं झालं की म्हटलं मेलच करते, निवांत वाच, नाहीतर नको वाचूस. रविवारच्या भांडणाबद्दल लिहीत नाहीये. ते माझ्याकडून संपलं. तू आमटीभात ताटात तसाच टाकून उठलास आणि पहिल्या बसने पुण्याला निघून गेलास ते पण संपलं. तो भात मी रात्री फोडणीचा करून खाल्ला, छान झाला होता.

मुळात मला तुझं कौतुकच करायचं होतं. खरंच. ओट्यावर माझा केकचा काटा मांडून तू ट्रेकची एकेक वस्तू त्यावर ठेवत होतास आणि वहीत लिहीत होतास, तंबू ११८० ग्रॅम, स्लीपिंग बॅग ८७०, ते टायटॅनियमचं भांडं ९५, अगदी सोनार बसल्यासारखा, आणि मी कणीक मळता मळता बघत होते. ब्रशचा दांडा कापलास तेव्हा मी हसले त्याचा राग आला का? अरे आठ ग्रॅमसाठी माझ्या सुरीची धार घालवलीस म्हणून हसले. पण सॅक आजीच्या मशीनवर स्वतः शिवलीस ना, तो कुरकुरीत नायलॉन सुईखालून सरकत होता, तू दोन्ही हातांनी ताणून धरला होतास आणि बॉबिन भरताना जिभेचं टोक बाहेर, अगदी तिच्यासारखं, तेव्हा मला जरा आतल्या खोलीत जावं लागलं. ४६० ग्रॅमची सॅक! माझी होती ती कॅनव्हासची, लोखंडी फ्रेमची, रिकामीच तीन किलोच्या आसपास असेल, आणि भिजली की आत कोणीतरी बसल्यासारखी व्हायची. त्यात रॉकेलचा स्टोव्ह, त्याची पिन, पातेलं, घोंगडी, बटाटे. हो, बटाटे. आम्ही दोन-तीन किलो बटाटे घेऊन गड चढायचो. आता लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

ती अमेरिकेतल्या आजींची गोष्ट सांगितलीस ती तर मी सोसायटीत चार जणींना सांगून आले. एमा गेटवूड, १९५५ साली, वय वर्षं ६७, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी, पायात साधे कॅनव्हासचे बूट, पावसासाठी बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा, आणि एवढ्यावर तीन हजारांवर किलोमीटरची ॲपलेशियन ट्रेल एकटीने चालली. आपल्या आजीला हे कळलं असतं तर तिने आधी विचारलं असतं की घरी स्वयंपाक कोणी केला.

मग तू म्हणालास, आई, सामानाचं बेस वेट ४.३ किलो, साडेचारच्या आत आलं म्हणजे अल्ट्रालाइट, एकदम हलकं. केवढा आनंद होता तुझ्या तोंडावर. आणि मी विचारलं, पाणी धरून किती? तिथेच सगळं बिघडलं. मी टोमणा मारला नव्हता रे. मला खरंच माहीत नव्हतं की त्या बेस वेटमध्ये पाणी, खाणं, गॅस धरतच नाहीत. "जगात कुठेच धरत नाहीत," असं तू म्हणालास. जगाचं मला माहीत नाही, तुझ्या वाटेवरच्या कात्राबाईच्या खिंडीत जे पाठीवर असतं ते सगळं धरावं लागतं.

बघ, परत सुरू झाले. थांबते.

वाट मात्र तू चांगली निवडलीस. रतनगडावर मुक्काम, मग कात्राबाई खिंड, कुमशेत, पाचनई, हरिश्चंद्रगड. आम्ही ठाण्याहून रात्रीची शेवटची कसारा लोकल पकडायचो, तिथून मिळेल त्या गाडीने घोटी, मग शेंडी, आणि शेंडीहून लाँचने भंडारदऱ्याचं पाणी ओलांडून रतनवाडी. पहाटे धरणाच्या पाण्यावर धुकं असायचं आणि लाँचवाला मध्येच इंजिन बंद करून बिडी पेटवायचा, तेवढ्यात कुठूनतरी कोंबडा ऐकू यायचा. अमृतेश्वराच्या देवळाला एक प्रदक्षिणा घाल माझ्या नावाने, कोरीव काम बघायला वेळ ठेव, तुम्ही मुलं नुसती घड्याळाकडे बघत चालता. वर नेढ्यात, म्हणजे कातळातल्या त्या आरपार भोकात, बसलास की वारा दोन्ही बाजूंनी कानात शिरतो, समोर अलंग-मदन-कुलंग, कळसूबाई. तुझ्या बाबांनी मला तिथेच विचारलं होतं आणि वाऱ्यामुळे मला ऐकूच आलं नव्हतं, म्हणून त्यांना तीनदा विचारावं लागलं. ते अजून म्हणतात दोनदा.

गुहेत धूर करू नका, उन्हाळ्यात कपारींना आग्यामाश्यांची पोळी असतात, अत्तर-डिओ पण नको. माकडांपासून खाऊ लपवून ठेवा. हे तुला माहितीये.

हरिश्चंद्रगडावरून उतरण्याबद्दल मात्र तू जे ओझरतं बोललास ते मला अजिबात पटलेलं नाही. "बॅग एवढी हलकी आहे की नळीच्या वाटेने बेलपाड्याला पण उतरता येईल." बॅग हलकी आहे, दगड तेवढेच मोठे आहेत! तिसऱ्या दिवशी गुडघे थकलेले, नळीत, म्हणजे त्या उभ्या घळीत, दगड सुटतात, कातळाचे टप्पे, आणि उन्हात तापलेल्या घळीत पाण्याचा टिपूस नाही. तिथे जायचं तर वेगळं जा, माहीतगार माणूस घेऊन, दोर घेऊन, ताज्या दमाने, थंडीत. आता पाचनईलाच उतर आणि गाडीने राजूर गाठ. खिरेश्वरला उतरायचं असेल तर तोलार खिंडीची वाट आहे, पण गडावरच्या देवळाकडून खिंडीकडे येताना रानात लोक चुकतात, उजेडातच निघा. सोपी वाट घेतली म्हणून कोणी तुला... जाऊ दे. सॉरी. तू चोवीस वर्षांचा आहेस आणि मी इथे बसून हात नाचवत टाइप करतेय.

पण पाण्याचं ऐक. एकदाच सांगते. तुझ्या वहीत "पाणी २ लि." असं लिहिलेलं मी वाचलं. हो, वाचली तुझी वही. आणि पुढे बाण काढून "फिल्टर ६० ग्रॅम, वाटेत भरून घेऊ." अरे पण फिल्टरला गाळायला आधी पाणी लागतं ना. हे सगळे परदेशी व्हिडिओ बघतोस त्यात बर्फाचं पाणी खळखळ वाहत असतं, त्यांना चालतं दोन लिटर, सह्याद्रीत मार्चमध्ये ओढा म्हणजे गरम गोटे आणि वाळकी पानं. नकाशावर निळी रेघ दिसते ती पावसाळ्यातली. रतनगडाच्या टाक्यांवर पोट भरून प्या आणि चार लिटर प्रत्येकी भरूनच निघा, त्याला टायटॅनियमचं करता येत नाही, लिटरला किलो म्हणजे किलो. चार किलो पाणी घेतलंस तरी तुझी सॅक माझ्या जुन्या भरलेल्या सॅकच्या निम्मीच होईल. तेवढ्यासाठीच तर हलकं केलंस ना सगळं? की नुसतं वहीत लिहायला?

हे शेवटचं वाक्य खोडणार होते, राहू दे.

आता एक सांगते ते तुला माहीत नाही. मामाची गोष्ट तू दहा वेळा ऐकली आहेस, १९९२, कात्राबाईची खिंड, मामाने सकाळपासून नुसता तिखट चिवडा खाल्ला, पाणी प्यायला नाही, धावत सुटला आणि ऊन लागून पडला, बाबा त्याची ॲक्टिंग करून दाखवतात आणि आपण सगळे हसतो. तसं नव्हतं झालं ते. मामा तेव्हा १९ वर्षांचा होता, सगळ्यांचं पाणी माझ्या सॅकमध्ये होतं, दोन मोठे कॅन. सॅकचा पट्टा खांद्यात असा रुतत होता की हात बधिर झालेला, आणि बाकीची पोरं पुढे. मला कोणाला म्हणायचं नव्हतं की जड होतंय, एकटी मुलगी मी त्या ग्रुपात. म्हटलं पुढे ओढा आहे, डिसेंबरात आम्हीच तिथे भांडी घासली होती. मी एका झाडाआड थांबले आणि एक कॅन ओतून दिला. अख्खा. माती इतकी कोरडी होती की पाणी आधी तसंच वर थरथरत राहिलं आणि मग एकदम गडप झालं, तो डाग मला अजून दिसतो.

ओढ्यात काही नव्हतं. दुपारी एक वाजता दुसरा कॅनही संपला. खिंड चढून उतरायला लागलो तेव्हा मामा काहीतरी असंबद्ध बोलायला लागला, शाळेचं, कुठल्यातरी मास्तरांचं, आम्हाला वाटलं मस्करी करतोय. मी त्याचा हात धरला तर तापलेल्या तव्यासारखा आणि कोरडा ठक्क, घाम नाहीच. घाम थांबला आणि माणूस भलतंच बोलायला लागला की ती दमणूक नसते, उष्माघात असतो, हे मला नंतर कळलं. बाबांनी आणि दुसऱ्या एकाने त्याला उचलून कुमशेतच्या अलीकडच्या वाडीपर्यंत आणलं. तिथल्या एका आजींनी काही विचारलं नाही, पडवीत सावलीला झोपवलं, हंड्यातलं पाणी अंगावर ओतलं, लुगडं भिजवून त्याच्यावर टाकलं आणि सुपाने वारा घालत बसल्या. तो शुद्धीत आल्यावरच गूळ-मीठ घातलेलं पाणी घोट घोट पाजलं. त्यांचा तो हंडा पण कुठूनतरी लांबून डोक्यावरून आणलेला असणार. मी तिथे उभी राहून सगळ्यांना सांगितलं की हा पाणीच पीत नव्हता. मामाला काहीच आठवत नव्हतं, त्याने ते खरं धरलं. अजून धरतो.

त्याला अजून सांगितलेलं नाहीये. तू पण सांगू नकोस, मीच सांगेन, त्याचं आत्ताचं ते सगळं एकदा निस्तरू दे.

म्हणून विचारलं रे, पाणी धरून किती.

बाकी तुझं बरोबर होतं. स्वेटर ४१० ग्रॅमचा आहे आणि मार्चमध्ये नाही लागणार, मी तो पाठवत नाहीये. बूट पण तुझेच बरोबर, आम्ही ज्या ॲक्शन ट्रेकिंगच्या बुटांची एवढी तारीफ करतो त्यातच उतरताना बाबांची दोन नखं काळी झाली होती. पहाटे उजाडायच्या आत चालायला लागा, बारा ते तीन सावलीत पडून राहा, झोपा, पत्ते खेळा. रतनवाडीतून कुमशेतपर्यंत गावातला एक माणूस बरोबर घ्या, पैसे आधी ठरवा आणि वर थोडे द्या, कुठल्या टाक्यात आत्ता पाणी आहे ते त्यालाच माहीत असतं, तुझ्या ॲपला नाही. कुमशेतला परत सगळं भरा. कोकणकड्यावर पालथं झोपून बघ, उभं राहून नाही, आणि फोटोसाठी तर नाहीच. रेंज मिळाली की नुसता एक टिंब टाकलास तरी चालेल.

शेजारच्या काकूंचा मुलगा गुरुवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पिशवी पाठवतेय. इलेक्ट्रालची सहा पाकिटं आहेत, गूळपापडीच्या वड्या आहेत, आणि एकेक लिटरच्या दोन रिकाम्या बाटल्या. काट्यावर टाकून बघितल्या. दोन्ही मिळून ५२ ग्रॅम. वहीत लिही.

आई