जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापा

मा. संपादक, स. न.

परदेशी नोकरीच्या छोट्या जाहिरातीत एजंटचा सरकारी नोंदणी क्रमांक नसेल, तर ती तुमच्या दैनिकाने छापू नये, एवढ्या विनंतीसाठी हे पत्र.

माझा भाचा नववीपर्यंत शिकलेला, पण एसीच्या कामात हात चांगला. अशाच एका जाहिरातीवरून तो मुंबईतल्या एजंटकडे गेला. “आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे कंपनी एम्प्लॉयमेंट व्हिसा लावून देईल,” असं सांगून त्याने ९० हजार घेतले. बहिणीने गळ्यातलं गहाण ठेवलं. मला कळलं तेव्हा पोरगा शारजात पोचला होता.

मी १९ वर्षं सौदीत दम्मामला वेल्डर होतो, म्हणून ही मेख मला ठाऊक आहे. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’, म्हणजे नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी आवश्यक, असा शेरा असतो. असा माणूस आखातात नोकरीला निघाला की प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पगार आणि कामाचा करार चढतो, दहा लाखांचा प्रवासी भारतीय बीमा काढावा लागतो. नोंदणीकृत एजंटला ३० हजार आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. फिरायला जाणाऱ्याला यातलं काहीच लागत नाही. म्हणून तर एजंट व्हिजिट देतात. लवकर होतो म्हणतात, पण एका फटक्यात करारही जातो, विमाही जातो.

भाच्याचा व्हिजिट ६० दिवसांचा होता. दुसऱ्या आठवड्यापासून त्याला कामाला लावलं. “व्हिसा प्रोसेसमध्ये आहे,” हे रोजचं उत्तर. पन्नासाव्या दिवशी शिडीवरून पडून मनगट मोडलं, तेव्हा ठेकेदार म्हणाला, “हा आमच्या कंपनीत नाहीच.” कागदावर ते खरं होतं. पगाराचा एक दिरहम मिळाला नाही. हाताला प्लास्टर, तिकिटाला पैसे नाहीत, यात मुदत उलटून वर ११ दिवस गेले. दिवसाला ५० दिरहमप्रमाणे ५५० दिरहम दंड भरून तो परत आला. दंड आणि तिकीट, दोन्ही गावकीतल्या लोकांनी भरलं. त्यांचे उपकार विसरणार नाही.

दुबईला व्हिजिटवर जाऊन, मुलाखती देऊन, तिथेच रीतसर व्हिसा बदलून घेतलेली माणसं मला माहीत आहेत. पण ती कामाचा परवाना हातात पडल्याशिवाय कामाला लागली नाहीत, आणि तोवर पोट भरायला त्यांच्याकडे पैसे होते. कर्ज काढून गेलेल्याला ते जमत नाही. आमच्या वेळी हाच खेळ ‘आझाद व्हिसा’ नावाने चाले. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, एक आणि काम दुसऱ्याकडे. पकडला गेला की दोघेही हात वर करत.

यूएईच्या कायद्यात भरतीचा खर्च मालकाने करायचा आहे, कामगाराकडून घ्यायचा नाही. हे आमच्या वाडीत एकाही मुलाला माहीत नव्हतं. नोंदणीकृत एजंटने जाहिरातीत आपला क्रमांक देणं बंधनकारक आहे, हेही माहीत नव्हतं. क्रमांक छापलेला असेल तर तो ई-मायग्रेटवर पाच मिनिटांत तपासता येतो. नसेल तर गावातल्या मुलाने तपासायचं तरी काय?

भाचा आता घरी आहे. मनगटात प्लेट आहे, पाना अजून घट्ट धरता येत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून तो दहावीला बसणार आहे.

परवा वाडीतलाच आणखी एक मुलगा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला व्हिसा दाखवायला आला. कुवेतला ड्रायव्हरची नोकरी, आणि कागदावर व्हिजिट. त्याला पैसे देऊ दिलेले नाहीत. ज्या जाहिरातीवरून तो गेला तिचं कात्रण सोबत जोडलं आहे. त्यात एक मोबाइल नंबर आहे, नोंदणी क्रमांक नाही.

— एक निवृत्त वेल्डर, ता. चिपळूण