कापसाच्या संशोधनाची दिशा कोण ठरवते?

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

ज्वारी, तूर, सोयाबीन, कापूस या सर्व पिकांची चांगली वाणे परभणीच्या कृषी विद्यापीठाने मराठवाड्याला दिली, याची आम्हाला जाणीव आहे. त्याच विश्वासाने हे पत्र लिहीत आहे.

२००२ मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक प्रथिन तयार करणारे जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले. हे जनुक सरळ वाणातही, म्हणजे ज्याचे बी राखून पुन्हा पेरता येते अशा वाणातही, बसवता येते. चीनने तसे केले. आपल्याकडे मात्र ते जवळजवळ सर्वस्वी संकरित वाणांतूनच विकले गेले, आणि संकरिताची सरकी पुन्हा पेरून एकसारखे पीक येत नसल्याने दरवर्षी नवे पाकीट घेणे भाग पडले. घरचे बियाणे राखण्याचा हक्क २००१ च्या कायद्याने आम्हाला दिला खरा, पण राखण्याजोगे बियाणेच दुकानात नसेल तर त्या हक्काचा उपयोग काय?

नुकसान शेतात दिसते. अळीने पाकळ्या आतून बंद केलेल्या डोमकळ्या उमलत नाहीत. वरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड फोडले की आत गुलाबी अळी सरकी पोखरताना सापडते. संकरित झाडाच्या एकाच बोंडातील काही सरक्यांत दोन्ही बीटी प्रथिने असतात, काहींत एकच, तर काहींत एकही नसते; त्यामुळे अळीची प्रतिकारशक्ती वाढायला वाव मिळतो. २०१७ च्या प्रादुर्भावात फरदड घेणाऱ्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही कापूस न उपटता पुढे राखणाऱ्या, शेतकऱ्याला बोल लावला गेला. फरदडीने अळी पोसली जाते हे मान्य, परंतु लांब मुदतीचे वाण आमच्या माथी कोणी मारले, याचीही चौकशी व्हायला हवी होती.

परभणीच्याच मेहबूब बाग केंद्राने पीए २५५, पीए ४०२, पीए ०८ हे देशी कापसाचे सरळ वाण दिले. देशी कापसाचे बोंड लहान असते, वेचणीला वेळ लागतो. तरीही पावसाचा खंड आणि रसशोषक किडी तो अधिक सोसतो, आणि कोरडवाहू रानात हीच गोष्ट मोलाची आहे.

या वाणांचे बीजोत्पादन वाढवून महाबीज या राज्याच्या बियाणे महामंडळामार्फत ते मृगाआधी तालुक्याच्या गावी मिळावे. खासगी कंपन्यांच्या वाणांच्या विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावरील चाचण्यांचे निष्कर्ष, प्रतिकूल असले तरी, मराठीतून जाहीर व्हावेत. आणि कापसावर कोणते संशोधन हाती घ्यायचे हे ठरते, तेथे कोरडवाहू शेतकऱ्यांना निमंत्रित म्हणून नव्हे, मताधिकारासह बसवावे.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. परभणी