यंदा पावसाळ्यात इकडे या

तीर्थरूप आई-बाबा यांस,
साष्टांग नमस्कार.

आई, तू दर रविवारी फोनवर विचारतेस, "एवढ्या डोंगरात तुझं आहे कोण?" फोनवर मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते, कारण याचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून लिहायला बसले. आणि लिहिण्यामागचा हेतू आधीच सांगते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही दोघांनी लेडव्हिलला यावं आणि गणपतीपर्यंत राहावं. इथे माझं कोण आहे ते तेवढ्या दिवसांत तुम्हाला आपोआप कळेल.

बाबा, तुम्ही नकाशात बघितलंच असेल. आमचा जिल्हा, इथे त्याला काउंटी म्हणतात, 'लेक काउंटी' नावाचा, अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याच्या मधोमध आहे. अख्ख्या काउंटीची वस्ती साडेसात हजारांच्या आत, आणि नगरपालिका असलेलं गाव एकच, लेडव्हिल. उंची दहा हजार दीडशे फूट. राज्यातली सर्वांत उंच दोन शिखरं, माउंट एल्बर्ट आणि माउंट मॅसिव्ह, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतात. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तुम्ही विमानातून डेन्व्हरला उतराल तेव्हाच जवळपास तेवढ्या उंचीवर असाल आणि तिथून गाडीने दोन तास वरच चढायचं आहे. याची काळजी कशी घ्यायची ते पुढे लिहिलंय, ते दोघांनी मिळून वाचा.

आधी गावाबद्दल, आणि हे मुख्यतः बाबांसाठी. तुमची सगळी नोकरी मॅंगनीजच्या खाणीवर गेली. खाणीची पाळी चुकली की कॉलनीतल्या किराणा दुकानापासून शाळेच्या फीपर्यंत सगळं कसं डगमगतं, हे तुम्हाला कुणी सांगायला नको. लेडव्हिल चांदीवर वाढलं. १८८०च्या सुमारास राज्यात डेन्व्हरखालोखाल मोठं शहर हेच होतं. १८९३ साली सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळला, खाणी बसल्या. तेव्हा गावाने काय करावं? सुमारे पाच हजार टन बर्फाचा एक महाल बांधला. १ जानेवारी १८९६ ला तो लोकांसाठी उघडला. आत नाचायला, स्केटिंगला जागा होती आणि बाहेरून रेल्वेने माणसं यायची. मार्चअखेर तो बंद झाला, पैसाही सुटला नाही. पण वाईट दिवसांत हातावर हात ठेवून बसायचं नाही, लोकांना गोळा करायचं, ही या गावाची खोड तेव्हापासूनची आहे.

पुढे फ्रीमॉन्ट खिंडीतली क्लायमॅक्स खाण आली. मॉलिब्डेनम नावाच्या धातूची. एके काळी जगातल्या मॉलिब्डेनमचा मोठा हिस्सा या एका डोंगरातून निघायचा. १९८२ मध्ये तिथल्या तीन हजारांहून जास्त लोकांची नोकरी गेली आणि काउंटीच्या कराचं उत्पन्नही त्यांच्याबरोबर गेलं. केन क्लूबर नावाच्या, त्याच खाणीत काम केलेल्या माणसाने १९८३ साली शंभर मैल डोंगरात धावायची शर्यत सुरू केली. त्याचा हिशेब साधा होता, पाहुणा एक रात्र तरी मुक्कामाला राहिला पाहिजे. पहिल्या वर्षी ४५ जण धावायला उभे राहिले आणि दहा जण पोहोचले. आज जगभरातून माणसं येतात. खाण २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाली, पण शर्यत कुणी बंद केली नाही.

ही शर्यत ऑगस्टच्या उत्तरार्धात एका शनिवारी असते आणि ती तुम्ही बघायचीच. पहाटे चारला गावातल्या चौकातून सुटते, तीस तासांच्या आत परत यायचं असतं. वाटेत होप खिंड लागते, साडेबारा हजार फुटांची, आणि जाता-येता दोनदा ओलांडायची. तिथे रस्ता नाही, म्हणून धावणाऱ्यांचं पाणी आणि सूप लामा नावाच्या, उंटाच्या जातीतल्या प्राण्यांच्या पाठीवरून वर चढवतात. १९९३ साली ही शर्यत मेक्सिकोच्या ताराहुमारा जमातीच्या व्हिक्टोरियानो चुर्रो यांनी जिंकली, वय ५५, पायात टायरच्या रबराच्या चपला. मी दर वर्षी रात्रपाळीला एका थांब्यावर सूप वाढायला असते. रात्री दोनला डोंगरावरून दिव्यांची रांग उतरताना दिसते आणि ओळखपाळख नसलेली माणसं हातातला कप घेताना डोळे भरून थॅंक्यू म्हणतात. आई, तू माझ्याबरोबर थोडा वेळ ये. वाढायला तुझ्यासारखा हात इथे कुणाचा नाही.

त्याआधी, ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी, बूम डेज. बाबा, तुमच्या आवडीचा सोहळा हाच ठरणार, मी लिहून देते. मुख्य रस्त्यावर मिरवणूक निघते, पण तुम्ही मात्र खाणकामाच्या स्पर्धांजवळ खुर्ची टाकून बसाल. हातात घण आणि पोलादी सळई, समोर ग्रॅनाइटचा ठोकळा. ठरलेल्या वेळात कोण जास्त खोल भोक पाडतो ते मोजपट्टीने बघतात. दोघांची जोडी असते तेव्हा एक सळई धरून फिरवतो आणि दुसरा घण मारतो. घण मारणाऱ्यावर किती भरवसा हवा, हे तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. इथे सत्तरीचे, खाणीतून निवृत्त झालेले लोक बाजूला बसून प्रत्येक घावावर मत देतात. त्यांच्यात तुम्हाला दुभाष्या लागणार नाही.

रविवारी गाढवांची शर्यत. जुन्या काळी खनिज शोधत फिरणारे लोक गाढवावर सामान लादून चालायचे, त्याची ही आठवण. १९४९ पासून या भागात ती चालू आहे आणि २०१२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तिला वारसा-खेळाचा मान दिला. गाढवाच्या पाठीवर टिकाव, फावडं आणि सोनं चाळायची परात बांधलेली पाहिजे, एकूण ओझं पंधरा किलो. माणसाने शेजारून पळायचं. ढकला, ओढा, हवं तर गाढवाला उचलून न्या, पण वर बसायचं नाही. मोठी फेरी एकवीस मैलांची आहे, मॉस्किटो खिंडीपर्यंत, म्हणजे तेरा हजार फुटांच्या वर. गाढवाला वाटेल तेव्हा ते थांबतं आणि पुढे जायचं की नाही हे तेच ठरवतं. म्हणून इथे नुसता दमदार माणूस जिंकत नाही, ज्याने वर्षभर गाढवाशी दोस्ती केली तो जिंकतो. मला हा खेळ मनापासून आवडतो.

चार जुलैची परेड आहे, उन्हाळ्यात डोंगरावर जाणारी जुनी रेल्वे आहे, १८७९ मध्ये बांधलेलं टेबर ऑपेरा हाउस नावाचं नाट्यगृह आहे, तिथे काही ना काही कार्यक्रम असतात. एक दिवस खाणकामाच्या संग्रहालयासाठी राखून ठेवला आहे. खरं तर बाबांना एक दिवस पुरणार नाही.

आणि सप्टेंबरमध्ये आपण एव्हरग्रीन स्मशानभूमीत जाऊ. आई, नाव ऐकून नको म्हणू नकोस. पाइनच्या झाडांत जमिनीला नुसते खळगे दिसतात. हजाराहून जास्त गोरगरीब माणसं तिथे नावाच्या दगडाविना पुरली आहेत, त्यातले बरेचसे आयर्लंडहून खाणीत कामाला आलेले आणि बहुतेक अगदी तरुण. २०२३ मध्ये त्यांचं स्मारक झालं आणि नोंदींमधून शोधून काढलेली नावं काचेवर कोरली. खाणीत मेलेल्या मजुराचं नाव सव्वाशे वर्षांनी शोधून लिहावंसं वाटणारी माणसं ज्या गावात आहेत, तिथे मी एकटी आहे असं मला वाटत नाही.

माझं कामही त्याच खाणींचं उष्टं काढण्याचं आहे, हे तुम्हाला थोडंफार माहीत आहे. जुन्या बोगद्यांतून जस्त, कॅडमियम, शिसं घेऊन आम्लधर्मी पाणी आर्कॅन्सा नदीत जायचं. १९८३ मध्ये बोगद्यातून एकदम लोंढा आला आणि नदी लाल झाली. त्याच वर्षी हा परिसर केंद्र सरकारच्या सफाईच्या यादीत गेला. आज बोगद्यांचं पाणी प्रक्रिया करूनच सोडतात आणि २०१४ मध्ये या नदीच्या शंभर मैलांच्या टप्प्याला ट्राउट मासेमारीसाठी राज्याचा सर्वांत वरचा दर्जा मिळाला. मी बाटलीत नमुने भरते ते याच पाण्याचे. बाबा, एक दिवस बूट घालून माझ्याबरोबर या. मॅंगनीजचे आकडे तुम्हाला दाखवायचे आहेत.

आता आईचे प्रश्न. दवाखाना आहे का? आहे, सेंट व्हिन्सेंट, आणि माझ्या घरापासून गाडीने पाच मिनिटांवर. १८७९ साली कॅन्ससहून आलेल्या ख्रिस्ती जोगिणींनी तो सुरू केला. आता इमारत नवी आहे. आपत्कालीन विभाग रात्रंदिवस उघडा असतो. मोठं काही असलं तर हेलिकॉप्टरने डेन्व्हरला नेतात. पण इथल्या म्हाताऱ्यांना मिळणारा सरकारी आरोग्य विमा पाहुण्यांना लागू नाही, म्हणून तुमचा प्रवासी आरोग्य विमा मी इथून काढणार आहे. बाबांचा रक्तदाब आणि आईचं थायरॉइड, दोन्ही अर्जात स्पष्ट लिहायचं. "कशाला सांगायचं" हे या वेळी चालणार नाही. नंतर त्याच मुद्द्यावर दावा नाकारतात.

दिवसभर मी कामावर, तुम्ही काय करणार? इथे ज्येष्ठांचं केंद्र आहे. १९६५च्या एका कायद्यामुळे देशभर साठीच्या पुढच्यांसाठी अशी दुपारची जेवणं चालतात. किंमत सक्तीची नसते, ज्याला जेवढं जमेल तेवढं द्यायचं. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही त्यांच्याकडे डबा पोहोचवतात, आणि डबा देणारा दोन मिनिटं थांबून चौकशी करतो. तू शाकाहारी आहेस हे मी आधीच सांगून ठेवीन. हॅरिसन अव्हेन्यूवर वाचनालय आहे. तिथे लहान मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. बरीच मुलं मेक्सिकोहून आलेल्या घरांतली आहेत. त्यांचे आईवडील पहाटे अंधारात खिंडीपलीकडच्या स्कीच्या गावांत कामाला जातात. तीस वर्षं पहिली-दुसरी शिकवलेल्या बाईला तिथे करमणार नाही, हे शक्य नाही. आणि बाबांच्या फिरण्यासाठी मिनरल बेल्ट ट्रेल. जुन्या खाणींमधून जाणारी साडेअकरा मैलांची पक्की वाट, जागोजागी माहितीचे फलक लावलेले. रोज थोडी थोडी चाला.

हिवाळा इथे कडक असतो, घरभाडी वाढत चालली आहेत आणि डोसा खायचा तर घाट उतरावा लागतो. हे मी लपवत नाही. पण पहिल्या हिवाळ्यात माझ्या दारातला बर्फ मी उठायच्या आत शेजारच्या आजोबांनी ओढलेला असायचा. आपल्या खाण-कॉलनीत आजारी माणसाच्या घरी न सांगता डबा जायचा, तसंच हे. आई, तू ज्याला "आपली माणसं" म्हणतेस, ती मला इथे अशी मिळाली.

आता उंचीचं. इथल्या हवेत एका श्वासात समुद्रसपाटीपेक्षा जवळपास तीस टक्के ऑक्सिजन कमी मिळतो. म्हणून थेट वर यायचं नाही. डेन्व्हरला दोन-तीन रात्री थांबू, मी खाली येते. निघण्याआधी नागपुरात तुमच्या डॉक्टरांना उंची आकड्यासकट सांगा आणि बाबांना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायची गोळी चालेल का ते विचारा. इथे आल्यावर पहिले दोन दिवस जड काही उचलायचं नाही, पाणी पीत राहायचं. डोकेदुखी वाढत गेली, उलटी झाली किंवा बसल्या जागी धाप लागली तर मला लगेच उठवायचं, मग मध्यरात्र असली तरी. त्यावर खरा उपाय खाली उतरणं हाच आहे आणि माझी गाडी तयार असेल. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजा कडाडतात, म्हणून डोंगराकडे जायचं ते सकाळीच.

पाणी इथे नव्वद अंशांनाच उकळतं, त्यामुळे पातेल्यात तुरीची डाळ शिजतच नाही. कुकर माझ्याकडे आहे, त्याच्या दोन रिंगा तेवढ्या आणा. गोडा मसाला, सांडगी मिरच्या, बाबांची तीन महिन्यांची औषधं चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत. दोघांना एक-एक जाड स्वेटर, कारण दुपारी बावीस अंश असले तरी रात्री गारठा पडतो. विमानतळावर व्हीलचेअर मी मागवून ठेवणार आहे. बाबा, कृपा करून बसा तिच्यात. त्या माणसाबरोबर इमिग्रेशनची रांग सोपी जाते. गणपतीला डेन्व्हरकडच्या मराठी मंडळींकडे जाऊ आणि तिथूनच तुमचं परतीचं विमान.

गेल्या वेळी तुमचा व्हिसा दहा वर्षांचा मिळाला आहे, तेव्हा कागदांची अडचण नाही. दादाशी बोलून घराची किल्ली कुणाकडे ठेवायची ते ठरवा आणि पुढच्या रविवारी मला तारीख सांगा. बूम डेजसाठी मी आत्ताच रजा टाकून ठेवते आहे.

तुमची,
मनू