रविवारी जमायचंय : पोरांच्या बोलण्याबद्दल

सगळ्या आयांनो, आज्ज्यांनो, येत्या रविवारी सकाळी साडेदहाला वडगावला आपल्या नेहमीच्या हॉलमध्ये या. विषय 1 ते 3 वर्षांच्या पोरांचं बोलणं. स्पीच थेरपिस्ट मॅडम येणारेत, मराठी कन्नड दोन्ही बोलतात. बाबा लोकांनी पण आत येऊन बसायचं, बाहेर गाडीवर नाही.

येताना पोरगं जे जे बोलतं ते वहीत लिहून आणा, कन्नड शब्द पण धरायचे. आमची धाकटी दिवसभर शेजारच्या अक्कांकडं असते, परवा रिकामा पेला पुढं करून म्हणाली "नीर दे", एक कन्नड एक मराठी, सासूबाईंना वाटलं पोर गोंधळली. गोंधळली कुठली, दोन शब्द जोडले की तिनं! "भूभू" पण शब्दच, दरवेळी कुत्र्यालाच म्हणत असेल तर.

पहिला शब्द साधारण वर्षाच्या आसपास, दोन वर्षांपर्यंत दोन्ही भाषांचे मिळून 50 च्या आसपास. थोडं मागंपुढं चालतं. पण 2 वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नाही, किंवा येत होतं ते बोलणं बंद झालंय, तर रविवारची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, कान पण तपासून घ्या. "बाप पण उशिराच बोललाय" हे कारण नको.

- नाव शनिवारी रात्रीपर्यंत इथंच टाका
- हॉलमध्ये पोरांच्या हातात मोबाईल नको
- खाऊ घरचा, कुंदा आणलात तर मोठ्यांसाठी