मुलांना उपासनेबाहेर काढू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लहान मुलांना उपासनेच्या वेळी बाहेरच्या खोलीत बसवण्याचा विचार सुरू आहे. मुले गोंगाट करतात, हे खरेच. पण बावीस वर्षे संडे स्कूल घेणारी शिक्षिका म्हणून मला याचे फार वाईट वाटते.

मागच्या महिन्यातली गोष्ट. येशूने शिकवलेली ‘प्रभूची प्रार्थना’ मुलांकडून पाठ करून घेत होते. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, म्हणजे आमचे अपराध करणाऱ्यांना क्षमा केली आहे, या ओळीवर सहा वर्षांची एक मुलगी थांबली. म्हणाली, “बाई, ह्याने माझी पेन्सिल मोडली. मी अजून नाही सोडलं. मग पुढचं म्हणू का?” मला उत्तर सुचेना. तिनेच शेजारच्या मुलाकडे पाहिले, “जा, सोडलं,” म्हणाली आणि पुढची ओळ घेतली.

‘सोडले आहे’, म्हणजे आधीच सोडले. पन्नास वर्षे ही ओळ म्हणत आले, त्यातला हा काळ माझ्या कधी लक्षात आला नव्हता. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून मी धाकट्या जावेशी नऊ वर्षे बोलत नव्हते. त्या संध्याकाळी मी तिला फोन केला.

मुलांना अडवणाऱ्या शिष्यांवर येशू रागावला, असे बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. आमच्या पाळकांनी आणि पंचांनी निर्णयापूर्वी तो एकदा वाचावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, श्रीरामपूर