प्रलय पुढे ढकलला

महोदय,

प्रलयाच्या श्रद्धेवरील उपहासात्मक विज्ञानकथा भाविकांची टिंगल करतात, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. अमेरिकी लेखक कर्ट व्हॉनेगटची ‘कॅट्स क्रेडल’ (१९६३) ही कादंबरी आठवावी. तिथे बेटाचा सत्ताधीश एका धर्मावर बंदी घालतो, तीही धर्मसंस्थापकाशी संगनमत करून! बंदीमुळे भक्तीला चव येते आणि लोक आपले दारिद्र्य विसरतात. शेवटी जग गोठते ते प्रयोगशाळेत जन्मलेल्या स्फटिकामुळे, माणसांच्या हलगर्जीपणाने. इथे टोला बसतो तो राज्यकर्त्यांना आणि शास्त्रज्ञांनाही.

वास्तव तरी कुठे मागे आहे? अमेरिकेत ख्रिस्ती उपदेशक विल्यम मिलरचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ रोजी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहत बसले. तिथलेच रेडिओवरचे धर्मप्रचारक हॅरल्ड कॅम्पिंग यांनी प्रलयासाठी २१ मे २०११ ही तारीख दिली; ती टळल्यावर त्याच वर्षीची २१ ऑक्टोबर. (मुदतवाढीची ही हातोटी कोणत्याही सरकारी खात्याला शोभेल.)

माझी तक्रार वेगळी आहे. पुष्कळ लेखक भाविकाला सरसकट बावळट रंगवतात आणि त्याच्या भीतीवर मते मागणारा अलगद सुटतो. २३ ऑक्टोबरच्या सकाळी मिलरचे अनुयायी एकमेकांशी काय बोलले असतील, यावर कुणी विज्ञानकथा लिहिली तर मी ती आधी वाचेन.

– एक वाचक