मायला वाचून दाखवतो आहे

प्रिय मित्रा,
सप्रेम सलाम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर राहिलं ते हरभऱ्यामुळे. सोंगणी झाली, गंजी लागली आणि मग हडंबेवाल्याची, म्हणजे मळणीयंत्रवाल्याची, वाट पाहणं सुरू झालं. तो 'येतोच' म्हणतो आणि चार गावं फिरून उगवतो. आता एकदाचा माल घरात आला. तूर आधीच निघाली होती. कपाशीची फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरचं उशिराचं पीक, यंदा घेतलीच नाही, झाडं उपटून टाकली. दोन-चार मण कापसासाठी गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत पोसत बसायचं मला पटत नाही. शेजारच्यांनी वेड्यात काढलं, काढू दे.

हवा विचित्र आहे. सकाळी दुपट्टा अंगावर लागतो, दुपारी तोच डोक्याला बांधावा लागतो. धुऱ्यावरचा पळस फुललाय, मोहाला अजून वेळ आहे. कूलरच्या ताट्या बदलायची आठवण बायकोने दोनदा करून दिली आहे.

तू विचारलंस, सध्या काय वाचतोस. खरं तर मी वाचत नाही, वाचून दाखवतो. मायला आता अक्षर दिसत नाही. मोतीबिंदू काढला, पण डॉक्टर म्हणाले, मागचा पडदाच गेला आहे. संध्याकाळची प्रार्थना झाली की ती सूप घेऊन तूर निवडायला बसते. खडा बोटांना बरोबर कळतो. मी वाचतो. काही आवडलं नाही की ती बोलत नाही, सूप जोरात पाखडते.

परवा माझाच एक लेख वाचून दाखवला, एका ख्रिस्ती मासिकासाठी लिहिलेला. कोणाचा ते मुद्दाम सांगितलं नाही. थोडं ऐकून म्हणाली, "हे कोन्या पाळकानं लिहिलं काय रे? लय सांगून राहिला. त्या मानसाच्या घरी जेवाले काय होतं, ते तं सांगतच नाही." मित्रा, आजवर माझ्यावर झालेल्या टीकेत इतकी नेमकी टीका नाही. आपल्या लोकांच्या लेखनातला हा जुनाच रोग आहे. पहिल्या परिच्छेदात वचन, शेवटच्यात बोध, आणि मधल्या माणसाला ना भूक ना तहान.

त्यानंतर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' काढलं. तू म्हणतोस ना, ख्रिस्ती माणसाचं पुस्तक बाकीचे वाचत नाहीत? हे तर सगळ्या महाराष्ट्राने डोक्यावर घेतलं. लक्ष्मीबाई सोवळं-ओवळं सांगतात, सासऱ्याचा जाच सांगतात, नवऱ्याचा, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचा, विक्षिप्तपणा सांगतात, आणि या सगळ्याच्या मधून धर्म चालत येतो. मायला आवडला तो आगगाडीचा प्रसंग. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका गोऱ्या माणसाने टिळकांना नवा करार दिला. पुढे 1895 साली टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई कित्येक वर्षं वेगळ्या राहिल्या. माय म्हणाली, "बाई नवऱ्याची टिंगल करते, पन त्याले सोडत नाही." पुढे टिळकांचं ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं, तेही या बाईनेच पुढे नेलं. घरात एकाने सुरू केलेलं दुसऱ्याने नेटाने ओढणं मायला चांगलं ठाऊक आहे. बाबा गेले तेव्हा विहिरीचं काम अर्ध्यात होतं.

बाबांची पुस्तकं अजून कोठीत आहेत. यवतमाळची सेमिनरी, म्हणजे पाळकांचं शिक्षण देणारी संस्था, 1983 साली पुण्याला गेली, तेव्हा ओळखीच्या विद्यार्थ्यांनी जाताना दिलेली. काहींना वाळवी लागली. बाबा ती घेऊन शकुंतला रेल्वेने आले होते, ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि गाडी इतकी हळू चालायची की दारव्ह्यापर्यंत एक पुस्तक वाचून झालं, हेही. आता ती गाडीही बंद आहे.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झालाय म्हणून सध्या बायबलातलं रूथचं पुस्तक घेतलं आहे. पाळकसाहेबांना वाटतं या दिवसांत ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे अध्याय वाचावेत. पण मायला शेत निघालं की रूथच हवं. जवाच्या कापणीला सासू-सुना बेथलेहेमात येतात, आणि मवाब देशातली परकी सून रूथ लोकांच्या शेतात सरवा, म्हणजे कापणीत पडलेली कणसं, वेचते. माय लहानपणी ज्वारीचा सरवा वेचायची. मालकाचा दिवाणजी पोरींना ढेकळं मारून हाकलायचा म्हणे. त्यामुळे त्या शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना "पेंढ्यांतली काही कणसं मुद्दाम टाका" असं सांगतो, तिथे ती मला थांबवते आणि पुन्हा वाचायला लावते. बायबलातल्या लेवीय या नियमांच्या पुस्तकातही तेच आहे, शेताचे कोपरे कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि परक्याचं. मी हे कित्येकदा वाचलं असेल, पण नियम म्हणून. ढेकूळ लागलेल्या माणसाशेजारी बसून वाचलं नव्हतं.

त्याचा परिणाम असा की यंदा हरभरा निघाल्यावर तिने मला वावर झाडू दिलं नाही. वस्तीतल्या दोन म्हाताऱ्या येऊन घाटे वेचून गेल्या. बायको म्हणाली, "आपण कोणते मोठे बवाज? बँकेचं कर्ज कोण फेडणार?" तिचंही खोटं नाही. दोन दिवस घरात जरा ताणच होता. अजून मिटलाय असं नाही.

मुलगी दहावीला आहे. पेपर सुरू झालेत. मराठीचा बरा गेला म्हणते, गणिताचं विचारायचं नाही असा घरात ठराव आहे. मी दमलो की आजीला तीच वाचून दाखवते. फार भरभर वाचते, आणि गंमत म्हणजे मायला ते चालतं. मी भरभर वाचलं की मात्र सूप वाजतं.

ईस्टर कधी आहे ते कॅलेंडरात बघून ठेव. 21 मार्चला किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार, दरवर्षी सरकतो, म्हणून तुला लक्षात राहत नाही. त्याच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी तू यावंस अशी मायची इच्छा आहे. नाल्याकाठची शिंदी तोडायला माणूस लागतो, आणि तुझ्याइतकं उंच इथे कोणी नाही. येताना पुण्यात 'ख्रिस्तायन'ची प्रत मिळते का पाहा. जुनी, फाटकी असली तरी चालेल. पैसे इथे आल्यावर देईन, किंवा तेवढ्याची तूरडाळ घेऊन जा, नवी आहे.

वहिनींना सलाम सांग, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
जुना बाकसोबती